अकारा तेलात पसरतो, तेल पितो, आत कच्चा राहतो: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला फोन वाजला तर तो बहुतेक अकाऱ्याचा, म्हणजे नायजेरियातल्या चवळीच्या वड्याचाच असतो. कढई तापलेली असते, चवळीचं पीठ वाटून झालेलं असतं, पहिला घाणा सोडलेला असतो आणि गोल, फुगरे अकारे व्हायच्या ऐवजी तेलात चपट्या चकत्या तरंगत असतात. "ताई, पीठ तर अगदी मेदूवड्यासारखंच केलं होतं," हे वाक्यही ठरलेलं. बिघाडाचं निम्मं उत्तर त्या वाक्यातच असतं.

लागोसमध्ये शनिवारची न्याहारी म्हणजे अकारा आणि ओगी. ओगी ही मका किंवा ज्वारी आंबवून केलेली गुळगुळीत पेज. उत्तर नायजेरियातले हाउसा लोक याच अकाऱ्याला कोसाई म्हणतात. रस्त्यावर तो लांबट मऊ अगेगे ब्रेडमध्ये दाबून देतात, आपल्याकडे पावात वडा देतात तसाच. मी लागोसच्या इलुपेजू भागात राहायला आले तेव्हा शेजारच्या योरुबा काकूंनी मला तो शिकवला. त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत, बदली होऊन पुण्या-नाशिकला परत गेलेल्या मैत्रिणींकडे फोनवरून, आणि काही वेळा ज्यांच्या आईच्या हातचा अकारा सुरेख होतो अशा लागोसच्याच तरुण मुलींकडेसुद्धा, मी हा एकच बिघाड दुरुस्त करत आले आहे. कारणं सात-आठच आहेत. ती ओळीने तपासली की सापडतातच.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. अकाऱ्यात सोडा नाही, यीस्ट नाही, बेसन नाही, तांदळाचं पीठ नाही. सोललेली चवळी, कांदा, मिरची, मीठ, एवढंच. त्याला फुगवणारी वस्तू एकच: फेटताना पिठात कोंडलेली हवा. उडदाच्या डाळीला निसर्गतःच बुळबुळीत चिकटपणा असतो, तो हवा बराच वेळ धरून ठेवतो. म्हणून मेदूवड्याचं पीठ थोडं थांबलं तरी वडा होतो. चवळीत तो चिकटपणा नाही. तिच्यातली प्रथिनं फेटल्यावर फेस धरतात खरी, पण तो फेस नाजूक असतो. अर्धा-पाऊण तास थांबलात, मीठ लवकर घातलंत, पाणी जास्त झालं, की तो बसतो. तेव्हा खालची प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाची आहे: हवा कुठे निसटली?

लक्षणं

आपला अकारा नेमका काय करतोय ते आधी नीट बघा. एक अकारा तेलातून काढा, कागदावर ठेवा, मधोमध तोडा.

- पीठ सोडताच पसरतं, चकती होते, कडांना जाळी सुटते: पाणी जास्त, किंवा फेटणं कमी, किंवा मीठ लवकर पडलं.
- गोल होतो, पण तोडल्यावर आत तेल झिरपलेलं दिसतं, हाताला ओशट लागतो: तेल पुरेसं तापलेलं नाही, किंवा एका घाण्यात फार अकारे आहेत.
- बाहेर गडद तपकिरी, आत ओलं पांढरं पीठ: तेल जास्त तापलंय, किंवा चमचा फार मोठा घेतलाय.
- तळाशी बसतो, वर यायला वेळ लागतो, खाताना घट्ट आणि जड: हवाच नाही.
- पिठात बारीक कण टोचतात, चव कच्चट: भिजवणं किंवा वाटणं अपुरं.
- पिठात काळे-तपकिरी ठिपके, चव किंचित तुरट: सालं राहिली आहेत.

चांगला अकारा कसा असतो तेही सांगते, कारण ज्यांनी तो फक्त फोटोत पाहिलाय त्यांना हे माहीत नसतं. वरचा पापुद्रा पातळ आणि कुरकुरीत. आत पांढरट, स्पंजासारखी बारीक छिद्रं. दाबला तर पुन्हा वर येतो. कागदावर तेलाचा डाग पडतो, थारोळं नाही.

प्रमाणासाठी आधार म्हणून: २५० ग्रॅम कोरडी चवळी, एक मध्यम कांदा, चवीपुरत्या मिरच्या, पाऊण ते एक चमचा मीठ. यात मोठ्या चमच्याने वीसेक अकारे होतात. नायजेरियात मिरची म्हणजे 'अता रोडो' नावाची, भोपळ्याच्या आकाराची, छोटी, सुगंधी आणि फार तिखट. ती नसेल तर लाल मिरची चालते. हिरवी घातलीत तर तिखटपणा येईल, पण तो वास येणार नाही.

कढई चुलीवर असतानाच करता येतील अशा तपासण्या

*१. आच आणि तेल.* याला काहीच खर्च नाही, फक्त बटण फिरवायचं. इथल्या बायका तेल तापत घालताना त्यात कांद्याची एक चकती टाकतात. तेलाला वास लागतो म्हणून टाकतात असं मला आधी वाटायचं, पण तोच त्यांचा थर्मामीटर आहे. चकतीभोवती सगळीकडून जोमाने बारीक बुडबुडे आले की तेल तयार. बुडबुडे आळशी असतील तर थांबा. अर्ध्या मिनिटात चकतीच्या कडा काळ्या पडल्या तर आच कमी करा आणि दोन मिनिटं जाऊ द्या. घरात थर्मामीटर असेल तर १७० ते १८० अंश सेल्सियस.

हे का महत्त्वाचं? गरम तेलात पडल्या पडल्या अकाऱ्याच्या बाहेरच्या पिठाचं पापुद्र्यात रूपांतर होतं आणि आतल्या पाण्याची वाफ बाहेर येत राहते. वाफ बाहेर येतेय तोवर तेल आत शिरत नाही. तेल थंड असलं की पापुद्रा धरायला उशीर होतो, तेवढ्यात हवा निसटते आणि तिच्या जागी तेल बसतं. एका घाण्यात सहा-सातपेक्षा जास्त सोडले तर तापमान घसरून हाच प्रकार होतो. पीठ फ्रिजमधून काढून थेट तळलं तरी तेच.

तेलाची खोलीही याच वेळी बघा. किमान दोन इंच तेल हवं. उथळ तेलात अकाऱ्याचं बूड कढईला टेकतं आणि तो चपटाच होतो, मग पीठ कितीही सुरेख असो. काटकसर करायची असेल तर कढई लहान घ्या आणि चार-चार तळा, पण खोली कमी करू नका. रस्त्यावरची अकारेवाली एक गोष्ट करते ती उचलण्यासारखी आहे: पीठ सोडल्यावर झाऱ्याने गरम तेल अकाऱ्यांच्या डोक्यावर उडवत राहते. वरची बाजूही लगेच धरते आणि अकारा गोल राहतो.

*२. फेटणं.* माझ्याकडे आलेल्या दर दहा तक्रारींतल्या सहा-सात इथे संपतात, म्हणून यावर जरा थांबते.

मिक्सरमधून निघालेलं पीठ म्हणजे अकाऱ्याचं पीठ नव्हे. मिक्सरचं पातं कापतं, थोडी हवा भरतं, पण पुरेशी नाही. मूळ पद्धतीत चवळी ओलोवर, म्हणजे पाट्या-वरवंट्यावर, वाटायची आणि मग ओदोत, म्हणजे लाकडी उखळात, मुसळाने किंवा लाकडी कालथ्याने एकाच दिशेने बराच वेळ फेटायची. उखळ गेलं, मिक्सर आला आणि वाटणं-फेटणं एकच आहे असा समज झाला. बिघाड तिथून सुरू झाला.

आता करायचं असं. पीठ एका खोल, रुंद भांड्यात घ्या. हाताने किंवा लाकडी चमच्याने एका दिशेने, खालून वर उचलत दहा ते पंधरा मिनिटं फेटा. केक फेटायचं यंत्र असेल तर मध्यम वेगावर पाच मिनिटं पुरतात. रंग बदलताना दिसेल, पिवळट पीठ पांढरं होत जातं. भांड्यात ते जवळजवळ दीडपट दिसायला लागतं, आणि हाताला जड लागणारं पीठ मलईसारखं हलकं लागतं.

झालं की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. वाटीभर पाण्यात पिठाचा थेंब टाका. तरंगला तर हवा आहे. बुडाला तर आणखी पाच मिनिटं फेटा. मेदूवड्यासाठी आपल्या आज्या हेच करायच्या, फक्त चवळीच्या बाबतीत हा थेंब *तळायच्या अगदी आधी* टाकायचा. सकाळी फेटलेलं पीठ नऊ वाजता तरंगेल आणि दहा वाजता बुडेल.

म्हणूनच सगळं पीठ एकदम फेटू नका. दोन घाण्यांपुरतं वेगळ्या भांड्यात काढा, फेटा, तळा. मग पुढचं. रस्त्यावरच्या अकारेवालीच्या शेजारी नेहमी दोन भांडी असतात, मोठ्यात न फेटलेलं पीठ आणि लहानात फेटलेलं. मी पहिली दोन वर्षं हे बघत होते, पण त्यातलं कारण मला कळलं नव्हतं.

*३. मीठ आणि कांदा.* वाटतानाच मीठ घातलं असेल तर बिघाड तिथे आहे. मीठ कांद्यातलं पाणी ओढून बाहेर काढतं आणि घट्ट पीठ दहा-पंधरा मिनिटांत सैल होतं. कांदा दोन भागांत वापरायचा: अर्धा चवळीबरोबर वाटायचा, अर्धा अगदी बारीक चिरून बाजूला ठेवायचा. फेटून झालं, तेल तापलं, की त्या छोट्या भांड्यात चिमूटभर मीठ आणि चिरलेला कांदा घालून दोनदा हलक्या हाताने फिरवायचं आणि लगेच सोडायचं. प्रत्येक भांड्याला नव्याने मीठ. हे कटकटीचं वाटतं, पण शेवटचा घाणा पहिल्यासारखाच फुगतो.

मीठ आधीच पडलं असेल तर आता घाई करा. थोडंथोडं पीठ घेऊन पुन्हा फेटा आणि भराभर तळा. थांबलात तर ते आणखी सैल होईल.

*४. चमच्याचा आकार.* आत कच्चा राहत असेल आणि आच योग्य असेल, तर पीठ कमी घ्या. एक सपाट मोठा चमचा पुरे. एका अकाऱ्याला दोन्ही बाजू मिळून साधारण चार मिनिटं लागायला हवीत. कच्ची किंवा अर्धकच्ची चवळी पोटाला बाधते, त्यामुळे आत ओला राहिलेला अकारा "चालतो" म्हणून मुलांना देऊ नका. मंद आचेवर पुन्हा तळा.

पीठच पातळ झालंय

हे वेगळं सांगते, कारण इथेच लोक चुकीचा इलाज करतात. पीठ पातळ दिसलं की हात बेसनाच्या डब्याकडे जातो. मग तांदळाचं पीठ, मग रवा, आणि काही उपयोग होत नाही असं दिसलं की चिमूटभर सोडा. बेसन घातलं की अकाऱ्याचं भजं होतं, चवीनेही आणि पोतानेही. सोडा घातला तर तो फुगतो, पण मोठी, फाटकी छिद्रं पडतात, त्यांतून तेल शिरतं आणि चवळीची गोडसर चव साबणासारख्या चवीखाली जाते. मी हे सगळे प्रयोग केलेत आणि एकही पुन्हा करणार नाही. हाच अकारा गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर अटलांटिक ओलांडून ब्राझीलला गेला, तिथे तो अकाराजे झाला. बाहिया राज्यातल्या सॅल्व्हाडोर शहरात तो विकणाऱ्या बायकांच्या व्यवसायाला ब्राझीलने २००५ साली राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं. तिथेही पिठात चवळी, कांदा आणि मीठच असतं, आणि ते लाकडी चमच्याने फेटतात. इतका लांबचा प्रवास करूनही त्यात सोडा आला नाही.

पातळ पिठावर खरे इलाज दोन.

पहिला: मूठभर भिजलेली, सोललेली चवळी शिल्लक ठेवायची सवय लावा. पाण्याचा थेंबही न घालता ती वाटा, पातळ पिठात मिसळा, फेटा. यासाठी मी नेहमी एक वाटी चवळी सोलून फ्रीजरमध्ये ठेवते.

दुसरा, आणि मला जास्त आवडणारा: अकाऱ्याचा हट्ट सोडा आणि मोईमोई, म्हणजे याच पिठाची वाफवलेली वडी, करा. मोईमोईला पीठ पातळच लागतं. त्यात तीन-चार चमचे तेल, वाटलेली लाल सिमला मिरची, कांदा आणि मीठ घालून नीट ढवळा. आणखी थोडं पाणी लागलं तर तेही चालतं. इथे ती एवे एरान नावाच्या रुंद पानांत बांधून वाफवतात, पानाचा वास पिठाला लागतो. घरी केळीच्या पानात किंवा तेल लावलेल्या स्टीलच्या वाट्यांत, मोदकपात्रात ठेवून पाऊण ते एक तास वाफवा. सुरी घालून स्वच्छ निघाली की झाली. उकडलेल्या अंड्याची फोड मधे दडवली तर मुलं आनंदाने खातात. न्याहारी वाया जात नाही आणि २५० ग्रॅम चवळीही.

पुढच्या वेळेसाठी: २५० ग्रॅमच्या भिजलेल्या चवळीला वाटताना १०० मिली पाण्यापासून सुरुवात करा, तेही दोन-तीन भागांत. पातं फिरायचं थांबलं तरच एक-एक चमचा वाढवा. मिक्सरला सोपं जावं म्हणून पाणी ओतलं जातं आणि ते नंतर काढता येत नाही.

पुढच्या शनिवारआधी करायच्या तपासण्या

*५. सोलणं आणि भिजवणं.* चवळी पंधरा मिनिटं भिजवा, हाताने चोळा, भांडं पाण्याने भरा. सालं वर येतात, ती ओतून टाका. हे सात-आठ वेळा करावं लागतं. मिक्सरमध्ये भरपूर पाण्याबरोबर दोन-तीन झटके दिले की काम अर्ध्यावर येतं. फक्त झटके, सलग फिरवायचं नाही, नाहीतर दाणे तुटून सालांबरोबर वाहून जातात. सालांचे तुकडे पिठाचा एकजीवपणा तोडतात आणि चव तुरट करतात. एखाद-दुसरं राहिलं तर बिघडत नाही, पण प्रत्येक घासात काळा डोळा दिसत असेल तर पुन्हा बसावं लागेल.

सोलल्यावर आणखी दोन तास भिजवा. नखाने दाणा सहज तुटला पाहिजे आणि मधे कोरडी पांढरी रेघ दिसता कामा नये. रात्रभर बाहेर ठेवू नका. लागोसच्या किंवा मे महिन्यातल्या कोकणाच्या हवेत ती आंबते, पाण्यावर फेस येतो आणि पिठाला आंबूस वास लागतो. रात्रभरच ठेवायची असेल तर फ्रिजमध्ये.

*६. चवळी स्वतः.* सगळं बरोबर करूनही पीठ वर येत नसेल तर दाणा जुना आहे. चार तास भिजवूनही दाणे सुरकुतलेलेच राहिले, काही तळाशी खड्यासारखे कडक राहिले, तर ओळखा. असे दाणे पाणी नीट पीत नाहीत, वाटले जात नाहीत, फेसही धरत नाहीत. जगात सर्वांत जास्त चवळी नायजेरियात पिकते, आणि बाजारात तिच्या जातीही तशाच. ओलोयिन ही तपकिरी, गोडसर चवळी उकडून खायला अप्रतिम आहे, अकाराही चविष्ट होतो, पण त्याचा रंग गडद येतो. पांढऱ्या, काळ्या डोळ्याच्या चवळीचा अकारा उजळ आणि हलका होतो. शिकताना तीच घ्या. महाराष्ट्रात मिळणारी मोठी पांढरी चवळी यासाठी अगदी योग्य आहे. लहान लाल चवळी सोलता सोलता हात दुखतात.

माइल ट्वेल्व्ह किंवा दालेकोच्या बाजारात दुकानदार डेरिकाच्या, म्हणजे टोमॅटो पेस्टच्या रिकाम्या, डब्याने मापून देतो. घेण्याआधी मूठभर हातावर पसरवा. बरीच बारीक भोकं दिसली तर किडा लागलेला आहे. वास घ्या. वासाचं महत्त्व खाली, "थांबा" मध्ये सांगते.

चवळीचं तयार कोरडं पीठ मिळतं. माझ्या हातून त्याचा अकारा कधीच मनासारखा झाला नाही. ते फार बारीक दळलेलं असतं आणि कितीही फेटलं तरी घट्टच राहतं. मोईमोईला चालतं.

*७. मिक्सर.* हा सर्वांत खर्चिक संशयित, म्हणून शेवटी. पातं बोथट असेल तर पीठ रवाळ राहतं, आणि ते गुळगुळीत करायला पाणी वाढतं. बोटांत चोळून बघा. अगदी बारीक रवा लागला तर चालेल, कण टोचला तर नाही. लागोसमध्ये आणखी एक भानगड असते: वीज गेलेली असते आणि मिक्सर लहान जनरेटरवर चालतो. व्होल्टेज कमी पडलं की पातं दमाने फिरतं, मोटार तापते, पीठ कोमट होतं. कोमट पीठ लवकर बसतं. जनरेटरवर वाटायचं असेल तर फ्रिजचं थंड पाणी वापरा, थोडं थोडं वाटा आणि मधे मोटारीला विश्रांती द्या.

नवा मिक्सर घ्यायच्या आधी एकदा बाजारातल्या गिरणीत वाटून आणा. प्रत्येक वस्तीत मिरची-टोमॅटो वाटून देणारी एक इंजिनाची गिरणी असते, नाममात्र पैशांत काम होतं. तुमच्याआधी कुणाची मिरची वाटली असेल तर यंत्र धुवायला सांगा, आणि पाण्याबद्दल उभं राहून सांगा: "अबेग, नो पुट प्लेंटी वॉटर" (कृपा करून फार पाणी घालू नका). गिरणीच्या पिठाचा अकारा छान झाला तर दोष मिक्सरचा. तोही बसला तर दोष चवळीचा किंवा हाताचा, मिक्सरवर पैसे घालवू नका.

इथे थांबा

चवळीला औषधाचा, कीटकनाशकाचा किंवा रॉकेलसारखा वास आला तर ती टाकून द्या. धुऊन, भिजवून, उकळून वापरू नका. साठवणीत किडा लागू नये म्हणून काही व्यापारी चवळीवर डायक्लोरव्हॉस मारतात. याच कारणाने युरोपीय संघाने २०१५ साली नायजेरियाच्या सुक्या चवळीची आयात थांबवली. वास नाही म्हणजे विष नाही असंही नाही, म्हणून ओळखीच्या, खप असलेल्या दुकानातूनच घ्या. मला भोक अजिबात नसलेल्या चवळीपेक्षा एखाद-दुसरं भोक असलेली चवळी जास्त भरवशाची वाटते. खाल्ल्यावर कुणाला उलट्या, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं किंवा श्वासाला त्रास असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते सांगा. उरलेली चवळी बरोबर न्या.

तेलातून धूर येऊ लागला तर तळणं थांबवा, गॅस बंद करा. कढईने पेट घेतला तर पाणी कधीही टाकू नका. जमत असेल तर झाकण सरकवून ठेवा आणि हात लावू नका. ज्वाळा झाकणाबाहेर असतील तर घरातल्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा, लागोसमध्ये ७६७ किंवा ११२, भारतात १०१ किंवा ११२. अकारा तळताना पाण्याची वाटी, जिच्यात आपण थेंब टाकून बघतो ती, कढईपासून लांब ठेवा.

मिक्सरला जळका वास आला, झाकण-बूड हाताला चटका देण्याइतकं तापलं किंवा प्लगपाशी ठिणगी दिसली तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. गुंडाळी जळालेली मोटार घरी उघडून काही साधत नाही. गॅसची ज्योत सतत पिवळी येत असेल, कढईचं बूड काळं पडत असेल आणि तेल वेळेवर तापत नसेल, तर बर्नर साफ करून बघा. त्यानेही निळी झाली नाही किंवा गॅसचा वास येत असेल तर सिलिंडर बंद करून मेकॅनिकच बोलवा.

आणि माणसं तीसच्या वर असतील तर इया अलाकारा, म्हणजे अकारेवाली आई, हिलाच बोलवा. योरुबा घरांत पिकल्या वयाचं माणूस गेलं की अकारा तळून शेजारपाजारात वाटायची जुनी पद्धत आहे. आमच्या शेजारच्या काकू गेल्या तेव्हा त्यांच्या लेकीने मला विचारलं, "तू तळशील का?" मी होय म्हटलं नाही. घरच्या कढईत चार-पाच किलो चवळी तळायला पूर्ण सकाळ जाते आणि तेवढ्या वेळात पीठ बसतंच, कितीही भांडी बदलली तरी. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इया अलाकाराला आदल्या संध्याकाळी सांगितलं, चवळी आणि तेल आम्ही दिलं, ती पहाटे पाचला तिची खोल कढई घेऊन आली. मी तिच्या शेजारी बसून लहान भांड्यातलं पीठ फेटत राहिले. नऊ वाजेपर्यंत सगळ्या गल्लीत अकारे पोचले होते.